काटा मधल्याच्या खाली

ताई, काल मी गाडी धुतली. आधी रेडिएटर, मग बाकीची. पाइप पंख्याच्या बाजूने आत घातला आणि पाणी पुढच्या जाळीतून बाहेर काढलं, म्हणजे अडकलेले किडे आल्या वाटेने परत जातात. हे तुला हायवेच्या एका ढाब्यावर कुणा टुरिस्ट गाडीवाल्याने सांगितलं होतं, आणि तू ते त्याच्याच पाइपने, त्याच्याच समोर, लगेच करून बघितलं होतंस. आपण वडापाव मागवून बसलो होतो. ते गार झाले.

घर आता रिकामं झालंय. तेरावं झालं, पाहुणे गेले. मांडववाल्याच्या सतरंज्या परत केल्या, शेजारून आणलेली पातेली घासून ज्याची त्याला दिली, कळवायचे राहिले होते त्यांना फोन केले. तुला माहीत आहे, यादीतलं शेवटचं काम खोडताना मला किती बरं वाटतं. या वेळी वाटलं नाही. यादी संपली तशी मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले, पुढे काय करायचं ते कळेना.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "शैला, गाडी काढून टाकू. मला ती दारात बघवत नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नवरा तुझा, गाडी त्यांच्या नावावर, आणि बघवत नाही म्हणणाऱ्या माणसाला बघा म्हणून कसं सांगायचं? विरार पश्चिमेचा एकजण सोमवारी बघायला येतो म्हणाला. म्हणून धुतली. धुताना प्रत्येक ठिकाणी तू केलेलं काहीतरी सापडत गेलं. बॉनेटच्या बिजागरीखाली तू घातलेले वायसर, रेडिएटरच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, ड्रायव्हरच्या सीटवर तुझी उंची भरून काढायला ठेवलेली गोधडीची घडी. घडी मी काढली नाही.

ही गाडी आली तेव्हा ती आपल्या दोघी जावांना नको होती. दोघा भावांनी मिळून ठरवलं, गावाला जायला सगळं घर एकदम मावेल अशी गाडी हवी. डिझेलची, उंच, मागे समोरासमोर बाकडी, आधीच एका टुरिस्टवाल्याकडे राबून आलेली. आणि मग सोमवार ते शनिवार दोघेही पहाटे मुंबईला, गाडी चंदनसारच्या आपल्या बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी. तू एक दिवस ताडपत्री उचलून बघितलीस आणि म्हणालीस, "उभी राहून गंजेल ही. चल, शिकू." ड्रायव्हिंग क्लासचा मास्तर म्हणाला, लेडीज लोकांनी छोटी गाडी शिकावी. तू म्हणालीस, "छोट्या गाडीत आमच्या सासूबाई मावत नाहीत. त्यांना तुम्ही सांगता का?" तो मुकाट्याने मोठ्या गाडीवर शिकवायला आला.

गाडी तशी गुणी होती. फक्त तापायची. नारंगीच्या रेल्वे फाटकापाशी रांगेत थांबलो की तापमानाचा काटा वर. चढ लागला की काटा वर. इथल्या मेकॅनिकने सांगितलं, या गाड्या अशाच. हे उत्तर मला पटलं नाही, पण दुसरं उत्तर कुठून आणायचं ते माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू लोकांना विचारायला लागलीस.

तुझी विचारायची पद्धत अजून डोळ्यांपुढे येते. पंपावर, लग्नाच्या हॉलबाहेर, बाजारात, जिथे आपल्यासारखी गाडी उभी दिसेल तिथे तू तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहायचीस, पोराच्या कपाळावर ताप बघायला ठेवावा तसा. मालक घाबरून धावत यायचा. मग तू विचारायचीस, "तुमची तापते का हो?" नालासोपाऱ्याच्या लग्नात एकाने तुला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं होतं, "कोण?" "गाडी." तो म्हणाला, "गाडी नाही, वहिनी. मिसेस तापते. तिच्यावर काही असेल तर सांगा." भाऊजी लाजेने हॉलमध्ये निघून गेले. तू मात्र त्या माणसाकडून बॉनेटची मागची बाजू वायसर घालून थोडी उचलायची, म्हणजे आतली गरम हवा निघून जाते, ही युक्ती घेऊन आलीस.

आणि रविवारी वसईचं पाचूबंदर. मासळी आणायची हे निमित्त, तुझ्या माहेरी डोकवायचं हे दुसरं निमित्त. लिलाव संपला की धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत आपल्यासारख्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या. तिथे पास्कोल. मागची बाकडी काढून त्यात बर्फ आणि मासळीचे टोप वाहायचा. तिथेच राऊत सर, रिटायर झालेले शाळामास्तर, गाडीचं पुस्तक पाठ. ते चिंबोऱ्या घ्यायला म्हणून यायचे आणि चिंबोऱ्या विसरून परत जायचे. गाडीतून उतरलीस की तुझी बोली बदलायची. चंदनसारला तू पाणी म्हणायचीस आणि धक्क्यावर पानी.

"काय गो बाय, आज कोनता आजार?" पास्कोल विचारायचा.

"तोच. पानी उकळतं."

"थर्मोस्टॅट काडून टाक. पानी अडवतो तो. माज्या गाडीत पयल्यापासून नाय."

"काढू नका," राऊत सर म्हणायचे. "कंपनीने बसवलाय तो काय गंमत म्हणून?"

"कंपनीला बरफ वाहायचाय का, सर?"

"अहो, इंजिन गार राहिलं की डिझेल जास्त पितं."

"पिऊं दे. मी पन पितो."

दर रविवारी हेच. तू दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा याला चढवायचीस, एकदा त्याला. मी फुटबोर्डवर बसून कागदावर लिहून घ्यायचे. कोण म्हणालं, काय म्हणालं, करायला किती वेळ लागेल. तुला माझ्या कागदाचं हसू यायचं. पण कोणता सल्ला कुणाचा हे आठवेनासं झालं की तू मलाच विचारायचीस.

तुझ्या आईच्या वाडीतल्या तळ्यातलं, बावखलातलं पाणी आठवतं? आपल्याकडे टँकरचं पाणी यायचं, त्याने किटलीत पांढरा थर बसायचा. तू म्हणालीस, असलं पाणी गाडीला नको, आमच्या बावखलाचं घालू, आम्ही त्याच्यावर वाढलो. दर रविवारी माहेरून कॅन भरून यायला लागला. मग एकदा धक्क्यावर पास्कोलने रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बघितलं, बोट घातलं आणि बोटावर हिरवं शेवाळ घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला. "गो बाय, गाडीत मासे पाळतेस काय? सोडलेस किती, सांग. मोठे झाले की लिलावाला मी लावतो." राऊत सर हसून हसून बसले. तू लाल झालीस, आणि परतीच्या वाटेवर मला म्हणालीस, "पानी चांगलंच आहे. गाडीला त्याची सवय नाही." आईला तू हे कधी सांगितलं नाहीस. तिला वाटतं, आपली गाडी अजून तिच्याच पाण्यावर चालते.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट करायची. या आठवड्यात झाकण बदललं तर काटा आठवडाभर बघायचा, मग पुढचं. म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. मी तसा तक्ता करून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावला होता. तू तो वाचायचीस, मान हलवायचीस, आणि दुपारी मी बँकेत नोकरीवर असताना खाली जाऊन तीन गोष्टी एकदम करून टाकायचीस.

"ताई, आता कशाने फरक पडला ते कसं कळणार?"

"फरक पडला हे कळलं ना? बास."

"पण उद्या परत बिघडली तर?"

"तर परत सगळं करू."

मे महिन्यात गावाला निघालो तेव्हा अशीच गाडी तू सगळे उपाय करून सज्ज केली होतीस. चालवत तू होतीस, शेजारी मी, मागे सासूबाई, भाऊजी, आमचे हे, मुलं आणि सामान. तेव्हा मी तुम्हाला अहो ताई म्हणायचे. बघ, लिहितानाही तुम्हाला आलं. कशेडी घाटात पुढे ट्रक रखडला आणि आपण त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये. तुला रस्त्यावरून नजर काढता येईना, म्हणून तू विचारायला लागलीस, "काटा कुठाय?" मी सांगायचे, मधल्या खुणेवर. मधल्याच्या वर. "काटा कुठाय?" लालच्या जवळ. थांबायला जागा नव्हती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागे बसचा हॉर्न.

मला माझ्या कागदावरचा एक सल्ला आठवला. पंपावर भेटलेल्या कुणीतरी दिलेला. मी त्याच्यापुढे लिहून ठेवलं होतं: हा उपाय नव्हे. गाडी फारच तापली तर हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते आणि इंजिनचा जीव वाचतो. मी म्हटलं, ताई, हीटर लावू का? तू म्हणालीस, मागे सासूबाई आहेत. मी ओरडले, "तू गप गाडी चालव, मी लावते."

हीटर लागला. मे महिना, कशेडी घाट, आणि आतमध्ये भट्टी. सगळ्या काचा खाली, सगळी डोकी बाहेर. भाऊजी मागून म्हणाले, "मे महिन्यात हीटर? माणसं शिजवून गावाला नेणार का?" सासूबाईंनी ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "शिजू दे. पण थांबू नका." बसमधली माणसं आपल्याकडे बोट दाखवून हसत होती. आणि काटा हलला. लालपासून सुटला, हळूहळू खाली आला, मधल्यावर टेकला, मधल्याच्या खाली गेला. "काटा कुठाय?" "मधल्याच्या खाली." तू स्टिअरिंगवर हात आपटून असं हसलीस की हॉर्न वाजला.

घाट उतरून चहाला थांबलो तेव्हा तुला तू म्हटल्याचं माझ्या लक्षात आलं. मी माफी मागायला लागले. तू बशीत चहा ओतत म्हणालीस, "आता परत अहो केलंस तर हीटर लावीन."

त्या गावच्या फेरीनंतर गाडी तापायची थांबली. एकदाही नाही. नारंगी फाटकाला नाही, ढेकाळ्याच्या चढाला नाही. मी म्हणायचे, नवीन झाकणाने. तू म्हणायचीस, वायसरने. राऊत सर म्हणाले, रेडिएटर आतून साफ केला त्याने. पास्कोलला खात्री होती की तू गुपचूप थर्मोस्टॅट काढलास आणि सरांना घाबरून सांगत नाहीस. किती वर्षं आपण यावर भांडलो. मोबाइल आले तेव्हा तू पहिला मेसेज मला हाच केलास: "वायसर." बँकेत काउंटरवर मी एकटीच हसले होते. समोरच्या खातेदाराला वाटलं, त्याच्या सहीला हसले.

मग तू आजारी पडलीस, आणि तुझंच सगळं तुझ्यावर उलटून आलं. जो येईल तो सल्ला घेऊन येत होता. कुणी काढा, कुणी रस, कुणी गुजरातमधला वैद्य, कुणी दुसरा डॉक्टर, कुणी तिसरा. तू सगळ्यांचं ऐकून घ्यायचीस, बॉनेटपाशी उभी राहून ऐकायचीस तशीच, मान कलती करून. पास्कोल शिंपल्यांचं सूप घेऊन आला, त्याच्या आईला त्याने ताकद आली होती म्हणून. राऊत सरांनी कुठल्या तरी मासिकातली पानं कापून आणली. तू मला म्हणालीस, "लिहून घे. तक्ता कर. एका वेळी एकच."

मी तक्ता केला नाही, ताई. मी सगळं एकदम केलं. डॉक्टरांना विचारून जे चालेल ते सगळं, त्याच दिवशी. काढाही, सूपही, दुसऱ्या डॉक्टरचं मतही. तू माझ्याकडे बघत होतीस. एकदा म्हणालीस, "आता कशाने फरक पडला ते कसं कळणार?" मी म्हटलं, फरक पडू दे, मला कळायला नकोय.

मुंबईच्या इस्पितळात न्यायचं ते याच गाडीतून. मागच्या एका बाकड्यावर मी गादी बांधली होती, भाऊजी त्याच बाकड्याच्या टोकाला तुझे पाय मांडीवर घेऊन. मी चालवायचे. वर्सोव्याच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या की मागून तुझा आवाज यायचा, "काटा कुठाय?" मी सांगायचे, "मधल्याच्या खाली." त्याने तुला बरं वाटायचं की मला, हे मी कधी बघितलं नाही. शेवटचे रिपोर्ट घेऊन परत येताना फाइल माझ्या शेजारच्या सीटवर होती. तू तेवढाच प्रश्न विचारलास. मी तेवढंच उत्तर दिलं. फाइलबद्दल तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. घरापर्यंत आपण तिघं तसेच आलो. त्या वाटेवर तुझ्याशी काय बोलायला हवं होतं, ते मला अजून नीट सुचलेलं नाही. सुचलं असतं तरी चालवता चालवता बोलता आलं नसतं.

आज रविवार. तुझी शाल आणि बांगड्या आईला द्यायच्या होत्या, म्हणून भाऊजी म्हणाले, "शेवटचं जाऊन येऊ गाडीने." आई बरी आहे. निघताना तिने कॅन भरून आणला, बावखलाचं पाणी, गाडीसाठी. भाऊजी काही बोलायच्या आत मी घेतला.

मग धक्क्यावर थांबलो. ऑक्टोबरचं ऊन. पास्कोल आणि राऊत सर दोघेही होते. मला भीती होती की ते सगळे बोलतात तसं काहीतरी बोलतील. पास्कोल सरळ गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. तुझ्यासारखाच. बराच वेळ. मग म्हणाला, "थंड हाय गो."

भाऊजींनी सांगितलं, गाडी विकायची ठरवली आहे. पास्कोलने बॉनेटवरचा हात काढून घेतला. राऊत सर म्हणाले, "तुमची गाडी, तुमचा निर्णय. फक्त घेणाऱ्याला एवढं सांगा, थर्मोस्टॅट काढू नकोस."

"काडूनच टाक म्हनावं."

"इतकी वर्षं थर्मोस्टॅट असताना चालली ना?"

"हाय कुठं त्याच्यात? बायने कवाच काडला."

"काढला नाही. त्या मला सांगितल्याशिवाय..."

आणि दोघे एकदम थांबले. याला चढवणारं, त्याला चढवणारं मध्ये कुणी नव्हतं. सर चष्मा पुसायला लागले. पास्कोलने पापलेटची एक जोडी कागदात बांधली, पैसे घेतले नाहीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारचा मानूस येऊं दे नायतर नको येऊं दे. तू रविवारी ये."

परत येताना भाऊजी पुढे बसले, माझ्या शेजारी. इतक्या वर्षांत ते पुढे बसलेले मला आठवत नाहीत. वसई सुटली, स्टेशनचा पूल मागे पडला, नालासोपाऱ्याला गाड्या तुंबल्या. आम्ही पहिल्या गिअरमध्ये. भाऊजींनी समोर काचेकडे बघत विचारलं,

"काटा कुठाय?"

पुढची रिक्षा हलली, मागच्याने हॉर्न दिला. मग मी म्हटलं, "मधल्याच्या खाली."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने हात पुढे केला, हीटरचा खटका शोधला. तो त्यांना सापडेना, म्हणून मी दाखवला. त्यांनी तो पूर्ण सरकवला. मी माझी काच खाली केली, त्यांनी त्यांची. गरम वारा तोंडावर आला, जुन्या धुळीचा आणि डिझेलचा वास घेऊन. घामाने माझे डोळे चुरचुरत होते आणि ते पुसायला मला एक निमित्त मिळालं. शेजारच्या रिक्षातली बाई आमच्याकडे बघत राहिली. चंदनसार येईपर्यंत आम्ही तसेच शिजत आलो.

गेटपाशी गाडी लावली. भाऊजी उतरले, मागे जाऊन कॅन काढला, तो हातात धरून उभे राहिले.

"त्या माणसाला कळव," ते म्हणाले. "येऊ नको म्हणावं." मग कॅनकडे बघून म्हणाले, "हे कशात ओतू?"

मी म्हटलं, तुळशीला घाला. गाडीत नको.

हे मी वर येऊन लगेच लिहायला बसले आहे. पापलेट अजून पिशवीतच आहेत. त्या माणसाला फोन करायचा आहे. रविवारी धक्क्यावर जायचं, हे कपाटाच्या दारावर लिहायचं आहे. पण आधी तुला कळवते.

ताई, काटा मधल्याच्या खाली आहे. कशाने, ते अजून कळलेलं नाही.